तळ्याकाठचं सगळंच काही लव्हाळा नसतं, ओळखायचं कसं ते सांगतो

आपल्याकडे पाण्याच्या कडेला बारीक, हिरवं, उभं काही दिसलं की लोक लव्हाळा म्हणून मोकळे होतात. शेतकऱ्याला विचारा, त्याचा लव्हाळा म्हणजे वावरातला नागरमोथा, कितीही खुरपा, खालच्या गाठीतून परत उगवतोच. पक्षी बघायला येणारे पाणकणसालाही लव्हाळंच म्हणतात, आणि फोटो कुठे टाकला की कुणीतरी खाली 'रश' असं इंग्रजी नाव ठोकून देतो. यात खरं तर चार वेगळी कुळं आहेत राव: गवतं, मोथ्याचं कूळ म्हणजे सायपरेसी, पाणकणसाचं टायफेसी आणि खऱ्या रशचं जंकेसी.

सामान फार लागत नाही. १० पट मोठं दाखवणारं भिंग, एक ब्लेड, टाचणी आणि पांढरा कागद. जायचं पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर ते नोव्हेंबर, कारण फुलं-फळं नसतील तर निम्म्या जाती ओळखताच येत नाहीत, उगाच डोकं खपवू नका.

आधी दांडा दोन बोटांत धरून फिरवायचा. तीन कडा लागल्या तर बहुतेक मोथ्याचं कूळ. पेरं दिसली आणि दोन पेरांच्या मध्ये दांडा पोकळ निघाला, पानं दोन बाजूंनाच, तर गवत, उदाहरणार्थ देवनळ. मोथ्यात पानं तीन रांगांत येतात आणि पानाचा खालचा भाग दांड्याभोवती नळीसारखा बंद असतो, गवतात तो बहुतेक वेळा उभा चिरलेला असतो. पाणकणीस तर लांबूनच कळतं, खाली तपकिरी मादी कणीस, वर नर कणीस, आणि आपल्याकडच्या नेहमीच्या पाणकणसात दोघांच्या मध्ये थोडी उघडी दांडी राहते. लॅटिफोलिया नावाच्या जातीत ती दोन्ही एकमेकांना चिकटलेली असतात. बास, पाणकणसावर यापेक्षा वेळ घालवायची गरज नाही.

खरी गंमत गोल दांड्यांची. गोल, बिनपेराचा, बिनपानाचा दांडा दिसला की मी दोन वर्षं डोळे झाकून 'जंकस', म्हणजे खरा रश, असं लिहीत होतो वहीत, आणि ते जवळजवळ सगळं चुकीचं होतं. मोथ्याच्या कुळातच गोल दांडेवाले बरेच आहेत, आणि महाराष्ट्रात जंकस मोजकेच, त्यामुळे सपाटीवरच्या तळ्यात गोल दांडा दिसला तर पहिला संशय मोथ्याच्याच कुळावर घ्यायचा.

त्यातला एक एलिओकॅरिस. दांड्याच्या अगदी टोकाला एकच कणिशक (खवल्यांचं छोटं कणीस), बाजूला पान नाही, फांदी नाही, काडेपेटीतल्या काडीसारखं दिसतं. यातली डल्सिस जात दाबून बघा, आतून पोकळ आणि आडवे पडदे, बोटांत कटकट आवाज येतो. पण अ‍ॅक्युटँग्युला ही याच गटातली जात चक्क धारदार तिकोनी असते, म्हणजे फक्त दांड्यावर भरवसा ठेवला तर इथेही फसाल. फळ टाचणीने काढून भिंगाखाली धरा, डोक्यावर छोटी टोपी दिसेल, ती दिसली की एलिओकॅरिस नक्की.

दुसरा शिनोप्लेक्टिएला आर्टिक्युलाटा. इथे फुलांचा गुच्छ दांड्याच्या मध्येच कुठेतरी बाजूने फुटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात दांडा गुच्छापाशीच संपलेला असतो, वर जे सरळ गेलंय ते दांड्याचं सोंग घेतलेलं पान आहे. आता घोळ असा की हीच युक्ती जंकसच्या काही जातीही करतात, म्हणून शेवटी फुलावरच यावं लागतं.

जंकसचं फूल म्हणजे लिलीची इवलीशी तपकिरी आवृत्ती, ६ पाकळ्यांसारखी दलं, आणि नंतर तीन भागांत उकलणारं बोंड, आत धुळीसारख्या पुष्कळ बिया. मोथ्याच्या कुळात पाकळ्या दिसतच नाहीत, एका खवल्याआड एक फूल आणि एका फुलाचं एकच कडक बी. कागदावर झटकून बघा, भरपूर बारीक बी सांडलं तर जंकस. मोथ्याचंच कूळ निघालं तर खवल्यांची मांडणी बघा: दोन रांगांत चपटी असेल तर सायपरस (नागरमोथ्याचा गट) किंवा त्याचे भाऊबंद, गोल फिरत गेलेली असेल तर एलिओकॅरिस, शिनोप्लेक्टिएला, फिम्ब्रिस्टायलिस यांच्याकडे वळा.

हिमालयात ट्रेकला गेलात तर मात्र जंकस भरपूर सापडतील, आणि तिथे ब्लेड कामाला येतं. दांडा उभा चिरायचा. जंकसच्याच जाती घ्या: इनफ्लेक्ससचा दांडा निळसर, उभ्या रेघांचा, आतलं भेंड शिडीच्या पायऱ्यांसारखं तुटक. इफ्युसस गुळगुळीत, चमकदार हिरवा, आणि भेंड सलग, एकदम मऊ. (जपानी ततामी चटई विणतात ती याच्याच सख्ख्या भावाची.) आर्टिक्युलाटसचं पान चिमटीत धरून ओढलं की आतल्या गाठी एकामागून एक बोटाला लागतात, हे करून बघाच, मजा येते. ब्युफोनियस वर्षभराचंच पाहुणं, बुटकं, मुळांसकट सहज उपटून येतं.

नमुना घेताना खालची मुळं आणि आडवं खोड पण घ्या, नुसता शेंडा तोडून आणला तर घरी बसून काहीच कळत नाही, विशेषतः नागरमोथ्यासारख्यात, जिथे गाठी आणि त्यांचा वास हीच मोठी खूण. अभयारण्यात, म्हणजे नांदूर मध्यमेश्वरसारख्या ठिकाणी, परवानगीशिवाय काहीही तोडायचं नाही, तिथे फोटोच काढा: अख्खं झाड, दांड्याचा बुंधा, गुच्छ जवळून, आणि मागे पांढरा कागद धरलेलं एक कणिशक. आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, मोथ्याच्या काही जातींच्या पानांची कड ब्लेडपेक्षा बरी कापते.