झटका मशीनच्या बोर्डावरून सर्किट हाताने कसं उतरवावं

तूर-हरभऱ्यात रोही आणि रानडुकरं शिरायला लागली, की तालुक्याच्या रिपेअरिंगच्या दुकानांत बंद सोलर झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत झटका सोडणारी यंत्रं, येऊ लागतात. सर्किट डायग्राम मिळत नाही, नवा बोर्ड महाग पडतो आणि तोवर कास्तकाराचं वावर उघडं राहतं. एका मॉडेलचं सर्किट एकदा नीट कागदावर उतरवलं, तर त्या मॉडेलच्या पुढच्या प्रत्येक मशीनला ते कामी येतं.

आधी जिवाचं बघा. बॅटरी आणि पॅनेल काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये 400 व्होल्ट किंवा जास्त चार्ज राहू शकतो. 10 किलो-ओहम, 10 वॅटच्या रेझिस्टरचे पाय स्लीव्हमध्ये घेऊन तो कपॅसिटरच्या दोन टोकांना पाच सेकंद धरा, मग मीटर 1000 व्होल्ट डीसीवर लावून खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. ठिणगीने पॅड, म्हणजे पाय सोल्डर केलेला तांब्याचा ठिपका, उडतो. थोडा चार्ज पुन्हा वर येतो, म्हणून कामाच्या अधूनमधून मोजत राहा.

काहीही काढण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, वायरींच्या रंगांसकट. मोबाइल दीड-दोन फुटांवरून बोर्डाला समांतर धरून झूम करा. अगदी जवळून काढलेल्या फोटोत कडा वाकतात. सावलीतला दिवसाचा उजेड चांगला, कारण उन्हात सोल्डर चमकतो आणि ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, दिसत नाही. धूळ, मुंग्यांची माती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने काढा.

फोटो दुप्पट आकारात छापा. ट्रॅकच्या बाजूवर बटर पेपर ठेवून पेन्सिलीने ट्रॅक उतरवा, मग पेपर उलटा करून पार्टच्या बाजूच्या फोटोवर भोकं जुळवून ठेवा. आरसा-प्रतिमेचा घोळ इथेच मिटतो. बोर्ड एकपदरी असेल तर खालून टॉर्च लावली तरी ट्रॅक दिसतात.

सगळ्यात जास्त सर्किटं बिघडतात ती पायांच्या नंबरात. आयसीची खाच वर धरली तर वरून पाहताना पाय 1 खाचेच्या डावीकडे येतो आणि मोजणी घड्याळाच्या उलट दिशेने जाते. सोल्डरच्या बाजूने तीच घड्याळाच्या दिशेने होते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पार्टांचेही पाय वेगळे असतात. छापील बाजू समोर, पाय खाली असे धरून डावीकडून टीवायएन 612 या एससीआरचे (गेटला इशारा मिळाला की चालू होणारा स्विच) पाय कॅथोड, अ‍ॅनोड, गेट. आयआरएफझेड 44 मॉस्फेटचे गेट, ड्रेन, सोर्स. डेटाशीट बघितल्याशिवाय पायाला नाव देऊ नका.

आता वही घ्या. आधी पार्टांची यादी करा: नाव, किंमत (रुपयांतली नव्हे, ओहम किंवा मायक्रोफॅरॅडमधली), किती पाय. मग नेट, म्हणजे ट्रॅकने एकमेकांना जोडलेल्या पायांचा गट. प्रत्येक नेटला एक ओळ द्या. ग्राउंड नेट 1, बॅटरीचा प्लस नेट 2. मीटर बीपवर (कंटिन्युइटी) लावून एक प्रोब एका पायावर ठेवा आणि दुसरा बाकीच्या सगळ्या पायांवरून फिरवा. प्रोबला शिवणाची सुई बांधली की टोक वार्निशमधून आत जातं. आर म्हणजे रेझिस्टर, क्यू ट्रान्झिस्टर, सी कपॅसिटर; ओळ अशी दिसते: नेट 5: आर 3 चा पाय 1, क्यू 1 चा बेस, सी 4 चा प्लस.

नुसत्या बीपवर विश्वास ठेवू नका. काही मीटर 50 ओहमपर्यंतही वाजतात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग, फ्यूज, छोटा रेझिस्टर यांतूनही बीप येते आणि दोन वेगळे नेट एक झालेले दिसतात. शंका आली की 200 ओहमच्या रेंजवर मोजून लीडचा, म्हणजे मीटरच्या वायरींचा, आकडा वजा करा. तरीही वाइंडिंग अर्ध्या ओहमची निघू शकते, म्हणून ट्रान्सफॉर्मरचा एक पाय सोल्डरमधून उचलाच. एकच काळा पट्टा असलेला रेझिस्टर शून्य ओहमचा जंपर असतो. आयसीच्या पोटाखालून गेलेला ट्रॅक डोळ्यांना दिसत नाही, मीटरलाच सापडतो.

बोर्डावरच मोजलेला रेझिस्टर कमी दाखवत असेल तर समांतर दुसरी वाट आहे. त्याच्यावर दिलेल्या ओहमपेक्षा बराच जास्त दाखवत असेल तर तो आतून तुटत चाललाय.

यादीतला प्रत्येक पाय वहीत एकदाच आला पाहिजे. दोनदा आला तर दोन नेट खरं तर एकच आहेत. आलाच नाही, तर तो सुटलाय किंवा मोकळा आहे.

आयसीवरचा नंबर खरवडलेला असेल तर हीच वही कामी येते. 8 पायांच्या आयसीत 1 ग्राउंड, 8 सप्लाय आणि 2 व 6 जोडलेले असतील, तर बहुधा 555 हा टायमर आयसी. 14 पायांत 4 वर सप्लाय, 11 वर ग्राउंड असेल तर एलएम 324 सारखा चौपट ऑप-अँप, म्हणजे एका आयसीत चार अँप्लिफायर. मायक्रोकंट्रोलर निघाला तर त्याच्या भोवतीचं सर्किट मिळेल, आतला प्रोग्राम मिळणार नाही.

डायग्राम काढताना बोर्डावरची जागा विसरा. प्लस वर, ग्राउंड खाली. तीन तुकडे वेगळे करा: 12 व्होल्टवरून कपॅसिटर चार्ज करणारा भाग, साधारण सेकंदाला एकदा एससीआरचं गेट उघडणारा टायमर, आणि कपॅसिटर, एससीआर, पल्स ट्रान्सफॉर्मर. तिसऱ्या तुकड्यापासून सुरुवात करा. तारेवरून आलेली आकाशातली वीज याच तुकड्यावर येते, म्हणून एससीआर आणि व्हॅरिस्टर (जास्तीचं व्होल्टेज पिणारा पार्ट) आधी तपासा.

शेवटी कुंपणाची तार काढून, चालू मशीनवर टायमरचे व्होल्टेज डायग्रामशी ताडून बघा. कुंपणाच्या टर्मिनलला साधा मीटर लावू नका: तिथे काही हजार व्होल्टचा झटका असतो, मीटरची मर्यादा 1000 व्होल्ट.