आयर्न निवडताना मुरलेले गोल्फर काय पाहतात

चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबमध्ये किंवा खारघरच्या गोल्फ कोर्सवर एखाद्या सिंगल हँडिकॅप (एक अंकी हँडिकॅप असलेल्या, म्हणजे बऱ्याच कुशल) खेळाडूची बॅग जवळून पाहिली, तर तिच्यातले आयर्न, म्हणजे मधल्या अंतराच्या फटक्यांसाठीचे धातूच्या डोक्याचे क्लब, पुष्कळदा बारीक, लहान डोक्याचे आणि दिसायला अगदी साधे असतात. दुकानदार ज्या जाड, चमकदार आयर्नची शिफारस करतो, ते त्याने घेतलेले नसतात. याचे कारण असे की, मुरलेला खेळाडू आयर्नकडून सर्वांत आधी ठरावीक अंतराची मागणी करतो. १५० यार्डांचा फटका एकदा १४८ आणि एकदा १५२ यार्ड गेला तर त्याचे भागते, पण तोच अधूनमधून १६५ यार्ड जाऊ लागला, तर ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या आखूड हिरवळीच्या) मागचा बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, त्याची वाटच पाहत असतो.

ब्लेड किंवा मसल-बॅक आयर्नमध्ये धातूचा भार चेंडू लागतो त्या जागेच्या मागे एकवटलेला असतो. कॅव्हिटी-बॅकमध्ये पाठीमागचा भाग पोकळ करून तो भार कडांकडे नेलेला असतो, त्यामुळे फटका मध्यापासून सरकला तरी डोके कमी वळते आणि चेंडूचे अंतर फारसे घटत नाही. ही कल्पना रुजवण्याचे मोठे श्रेय ‘पिंग’चे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम यांना जाते. मग सरळसोट फायद्याची ही गोष्ट कुशल खेळाडू का नाकारतो? खरे तर तो ती पूर्णपणे नाकारत नाही. आजचे बरेच व्यावसायिक खेळाडू लांबच्या आयर्नसाठी कॅव्हिटी-बॅक आणि जवळच्यांसाठी ब्लेड असा मिश्र संच बाळगतात, कारण चार नंबरने मध्यावर मारणे त्यांनाही कठीणच जाते. टायगर वुड्स आणि स्कॉटी शेफलर यांच्यासारखे जवळजवळ संपूर्ण मसल-बॅक संच वापरणारे खेळाडू आहेत, पण त्यांचे अनुकरण करण्याआधी आपला स्विंग आठवावा.

सर्वांत जास्त फसगत लॉफ्टच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या फेसच्या तिरपेपणाच्या, बाबतीत होते; आयर्नचा नंबर जितका कमी, तितका लॉफ्ट कमी आणि फटका लांब. पारंपरिक ब्लेडमधील सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट साधारण ३४ ते ३५ अंश असतो, तर लांबीची जाहिरात करणाऱ्या संचांत तोच २८ ते ३० अंशांपर्यंत खाली आणलेला आढळतो. म्हणजे क्लबच्या तळाशी ‘७’ कोरलेले असले, तरी हातात जवळजवळ सहा नंबरचाच क्लब असतो. मीही एकदा सरावाच्या रेंजवर अशा सात नंबरच्या लांबीवर भाळून संच घेतला होता. पुढे लक्षात आले की त्याचा पिचिंग वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब) ४३ अंशांचा आहे आणि माझा सँड वेज (त्याहून आखूड फटक्यांचा) ५६ अंशांचा, आणि मधल्या १३ अंशांच्या दरीत पडणाऱ्या प्रत्येक अंतरासाठी मला अर्धवट फटका मारावा लागत होता. बॅगेत १४ क्लबांचीच मर्यादा असल्यामुळे अशी दरी भरून काढायला जागाही सहज मिळत नाही.

रफमध्ये, म्हणजे लांब गवतात, आणखी एक अडचण येते. चेंडू आणि क्लबफेस यांच्यामध्ये गवत आले की फिरकी कमी होते आणि चेंडू अपेक्षेपेक्षा लांब जाऊन ग्रीनवर थांबत नाही. लॉफ्ट मुळात कमी आणि फेस पातळ, उसळी देणारा असेल, तर ही अनिश्चितता अधिकच वाढते. ऑफसेटचेही असेच आहे: शाफ्टच्या (दांड्याच्या) मागे सरकलेली धार स्लाइस (उजवीकडे वळणारा फटका) मारणाऱ्याला फेस बंद करायला वेळ देते, पण ज्याचा चेंडू आधीच डावीकडे वळतो त्याला ती नकोशी वाटते.

मुंबईत सोलचा, म्हणजे क्लबच्या तळाचा, विचार स्वतंत्रपणे करावा, असे माझे मत आहे. पावसाळ्यात मऊ झालेल्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) बारीक सोलचा ब्लेड मातीत रुततो, तर एप्रिल-मेच्या टणक जमिनीवर रुंद सोल आदळून उसळतो आणि चेंडू पातळ, म्हणजे क्लबच्या खालच्या धारेवर, लागतो. बारा महिने खेळणाऱ्याने मध्यम रुंदीचा सोल आणि थोडा बाउन्स (रुतू न देणारा सोलचा उतार) असलेला आयर्न घ्यावा. शहरात बहुतेकांचा सराव कृत्रिम गवताच्या मॅटवर होतो आणि मॅट चेंडूआधी जमिनीला लागलेला फटका लपवते, क्लब वरून घसरून जातो आणि सगळे छान वाटते. म्हणून आयर्नची परीक्षा शक्य असेल तर गवतावरच घ्यावी.

परीक्षेसाठी पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या मार्करने चेंडूवर ठळक ठिपका काढावा, तो क्लबकडे तोंड करून ठेवावा आणि फटक्यानंतर फेसवरची खूण पाहावी. सहा-सात नंबरने वीस चेंडू मारल्यावर बहुतेक खुणा एका नाण्याएवढ्या जागेत जमल्या, तर ब्लेडचा विचार करायला हरकत नाही. त्या फेसच्या टाचेपासून (दांड्याकडच्या कडेपासून) टोकापर्यंत विखुरल्या असतील, तर कॅव्हिटी-बॅक घ्यावा आणि त्यात कमीपणा मानू नये. लाँच मॉनिटर (फटका मोजणारे यंत्र) उपलब्ध असेल, तर सर्वांत लांब फटक्यावर भाळून न जाता सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड फटक्यांतला फरक टिपून ठेवावा.

फोर्ज्ड (घडीव) आयर्नच्या मऊपणाबद्दल बरेच बोलले जाते, पण त्यातला पुष्कळसा भाग आवाजाचा असतो. लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे. फोर्ज्ड आयर्न सहसा कार्बन स्टीलचे असतात आणि वरचा क्रोमचा थर झिजला की या खाऱ्या, दमट हवेत त्यांना गंज चढतो, म्हणून पावसात खेळून आल्यावर ते ओल्या कव्हरांसकट गाडीच्या डिकीत ठेवू नयेत.