अपघातातील उपचारखर्चाची भरपाई: इंदूरकरांनी कागद कसे सांभाळावेत

मोटारीच्या धडकेत कोणाचे हाड मोडले की घरातल्या सगळ्यांचे लक्ष रुग्णाकडे असते, आणि ते तसेच असायला हवे. पण भरपाईचा दावा ज्या कागदांवर उभा राहतो किंवा कोसळतो, ते बहुधा त्याच पहिल्या दोन-तीन दिवसांत तयार होतात. म्हणून घरातल्या एका माणसाकडे केवळ कागदांचे काम सोपवावे.

पहिला कागद रुग्णालयातला. जखमीला एम. वाय. या सरकारी रुग्णालयात नेले असो की खासगी रुग्णालयात, दाखल करतानाच वाहनाने धडक दिल्याचे स्पष्ट सांगावे, गाडीचा क्रमांक ठाऊक असल्यास तोही द्यावा आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची वैद्यकीय नोंद, करून घ्यावी. घाबरलेल्या अवस्थेत कोणी नुसते ‘पडले’ असे सांगते, तेच केसपेपरवर आणि पुढे डिस्चार्ज कार्डावर उतरते, आणि विमा कंपनीचा वकील नेमका त्याच शब्दावर बोट ठेवतो. ज्या ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तेथे एफआयआर लगेच नोंदवावा. उपचारांच्या धावपळीत उशीर झालाच तर कारण लिहून नोंदवावा, कारण केवळ अशा उशिरामुळे दावा फेटाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेनुसार नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार कॅशलेस मिळू शकतात. त्याची चौकशी पहिल्याच दिवशी करावी.

आता बिले. माझ्या आत्यांना लोकमान्य नगरजवळ कारने उडवले, तेव्हा आम्ही औषधांचे एकूण एक बिल पिशवीत जपून ठेवले होते. साक्षीच्या वेळी पिशवी उघडली, तर थर्मल कागदावरची अक्षरे उडून गेलेली होती आणि हातात कोऱ्या पट्ट्या उरल्या होत्या. ती हळहळ आजही जात नाही. त्यामुळे प्रत्येक बिलाची झेरॉक्स त्याच संध्याकाळी काढावी, बिलावर रुग्णाचे पूर्ण नाव व तारीख आहे की नाही हे दुकानातच पाहावे, आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्या त्या बिलाला जोडूनच ठेवावी. मेडिक्लेमसाठी मूळ बिले द्यावी लागणार असतील, तर आधी त्यांच्या प्रमाणित प्रती करून घ्याव्यात. फिजिओथेरपीसाठीचे रिक्षाभाडे, सांभाळायला ठेवलेल्या बाईंचा पगार, पौष्टिक आहार, बुडालेले वेतन या बाबीही भरपाईत मागता येतात. मात्र त्यांची पावती, निदान तारीखवार टिपण हवे.

दावा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल होतो, आणि त्यासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. अपघात धुळ्याजवळ झाला असला, तरी इंदूरचा रहिवासी इंदूरमध्येच दावा करू शकतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते आणि ते विनाकारण परगावी खेटे घालतात. या कलमाखाली चालकाची चूक सिद्ध करावी लागते; ती सिद्ध करणे अवघड असेल, तर कलम १६४ खाली गंभीर दुखापतीसाठी चूक न दाखवता अडीच लाख रुपये मागता येतात. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपयांची वेगळी योजना आहे.

वकील विचारपूर्वक निवडावा. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, त्यामुळे रुग्णाच्या खाटेपाशी येऊन असा सौदा करू पाहणाऱ्याच्या कागदावर सही करू नये. स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

पायात रॉड किंवा प्लेट बसवली असेल, तर ती काढण्याच्या शस्त्रक्रियेचा अंदाजे खर्च शल्यविशारदाकडून लेखी घ्यावा, आणि अपंगत्व राहिले असल्यास जिल्हा वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्रही मिळवावे. लोक अदालतीत तडजोडीचा प्रस्ताव येण्यापूर्वीच हे दोन्ही कागद दाव्यात लागलेले असावेत, कारण तेथे झालेल्या निवाड्याविरुद्ध अपील करता येत नाही, आणि पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च मग घरच्यांनाच सोसावा लागतो.