व्याख्येआधी वाक्य: साहित्यातील संज्ञा ओळखण्याची एक रीत

साहित्यातील संज्ञा शिकताना बहुतेक जण व्याख्यांपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडखळतात, कारण उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांच्या व्याख्या एकापाठोपाठ एक वाचल्या की त्या जवळपास एकच वाटू लागतात. त्यापेक्षा एखादे साधे वाक्य घ्यावे, ते थोडेथोडे बदलत जावे आणि प्रत्येक बदलाने अर्थ कुठे सरकतो ते पाहावे.

‘तिचे डोळे डोहासारखे खोल आहेत’ हे वाक्य घेऊ. ज्याची तुलना करायची ते डोळे हे उपमेय, ज्याच्याशी तुलना करायची तो डोह हे उपमान, खोलपणा हा दोहोंतील समान धर्म आणि ‘सारखे’ हा साधर्म्य दाखवणारा शब्द. ही चारही अंगे हजर असल्यामुळे ही पूर्ण उपमा झाली. ‘तिचे डोळे म्हणजे जणू डोहच’ असे म्हटले की तुलना कल्पनेकडे झुकते आणि उत्प्रेक्षा होते. ‘तिच्या डोळ्यांच्या डोहात तो हरवला’ येथे तुलना उरतच नाही, दोन्ही गोष्टी एकरूप होतात, हे रूपक. ‘हे डोळे नव्हेत, हे तर डोह’ म्हणून उपमेयच नाकारले तर अपन्हुती, ‘डोहाहूनही खोल’ म्हटले तर व्यतिरेक आणि ‘तिचे डोळे तिच्या डोळ्यांसारखेच’ म्हटले तर अनन्वय.

मात्र केवळ शब्दांच्या खुणांवर विसंबू नये. ‘तो सारखा दाराकडे पाहतो’ यात ‘सारखा’ आहे, पण उपमा नाही. ‘तो भावासारखा उंच आहे’ यात तुलना आहे, तरीही अलंकार नाही, कारण ती निव्वळ माहिती आहे. ‘ताडासारखा उंच’ म्हटल्यावर मात्र डोळ्यांपुढे चित्र उभे राहते. हा फरक कानाला जाणवू लागला की व्याख्या आपोआप लक्षात राहते, असे मला मनापासून वाटते.

शब्दशक्तींनाही, म्हणजे शब्दाच्या अर्थ व्यक्त करण्याच्या शक्तींनाही, हीच रीत लागू पडते. ‘घर पडले’ यात शब्दाचा सरळ अर्थ पुरतो, म्हणून ती अभिधा. ‘सगळे घर झोपले’ यात सरळ अर्थ अडतो, कारण भिंती झोपत नाहीत; तेव्हा घरातील माणसे हा जवळचा अर्थ घ्यावा लागतो आणि ती लक्षणा ठरते. व्यंजनेत सरळ अर्थ अडत नाही, पण त्याच्यापलीकडे आणखी एक अर्थ उमटतो. संस्कृत काव्यशास्त्रातील ‘सूर्य मावळला’ हे जुने उदाहरण याच कारणाने अजून टिकून आहे: गुराख्याला त्यातून गुरे परत न्यायची वेळ कळते, तर वाट पाहणाऱ्या प्रेयसीला भेटीची. म्हणून व्यंजना शोधताना वाक्य कोण, कोणाला आणि कोणत्या वेळी म्हणतो हे आधी पाहावे.

नाटकाच्या संज्ञांसाठी दोन प्रश्न हाताशी ठेवावेत: हे कोण ऐकते आणि हे कोणाला ठाऊक आहे? पात्र स्वतःशी बोलते आणि रंगमंचावरील इतरांना ते ऐकू येत नाही असे मानले जाते, तेव्हा ते स्वगत. दोन पात्रे इतरांना वगळून आपापसांत बोलतात, तेव्हा जनान्तिक. दुसऱ्या प्रश्नातून नाट्यगत उपरोध कळतो. प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीझच्या नाटकात राजा ईडिपस आधीच्या राजाच्या खुन्याला शाप देतो, पण तो खुनी आपणच आहोत हे त्याला माहीत नसते. कथा ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला प्रत्येक शब्द उलटून त्याच्यावरच येताना दिसतो. पुढे त्याला सत्य उमगते, तो क्षण म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने सांगितलेले अभिज्ञान.

सर्वांत जास्त घोटाळा ‘रस’ या संज्ञेचा होतो. पात्र रडते म्हणून तिथे करुण रस आहे असे लिहिले जाते, परंतु शोक हा स्थायी भाव, म्हणजे मनात मूळचाच असणारा भाव, आहे आणि करुण हा त्यातून रसिकाला येणारा आस्वाद आहे. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन संस्कृत ग्रंथात आठ रसांची चर्चा आहे. शांत हा नववा पुढे सर्वमान्य झाला. भाव कशामुळे जागा होतो ते विभाव, थरथरणारे ओठ किंवा अश्रू हे अनुभाव आणि मधूनच येऊन जाणारी चिंता किंवा ग्लानी हे व्यभिचारी भाव. एखादा प्रसंग वाचताना या तिन्ही गोष्टी पानाच्या कडेच्या मोकळ्या जागेत टिपाव्यात आणि रसाचे नाव सर्वांत शेवटी लिहावे, कारण विनोदी प्रहसनात धाय मोकलून रडणारे पात्रही प्रेक्षकाला हास्यरसाचाच अनुभव देते.