सोसायटीतल्या गेलेल्या माणसाचं पान कसं लिहायचं

आमच्या कोथरूडच्या सोसायटीची वार्षिक सभा दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, कारण ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते आणि त्याआधी गणपतीत कुणाला वेळ नसतो. पहिला विषय दुखवट्याचा ठराव. सेक्रेटरी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, सगळे दोन मिनिटं उभे राहतात (दोन कसली, पस्तीस सेकंद, मी घड्याळ लावून बघितलंय) आणि खाली बसल्या बसल्या पार्किंगवरून भांडण सुरू. एका वर्षी आमच्या जिन्यात बावीस वर्षं राहिलेल्या बाईंच्या जागी त्यांच्या जावेचं नाव वाचलं गेलं, जाऊ समोर बसलेली होती, आणि तिच्याशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नाही. तेव्हापासून हे काम मी अंगावर घेतलं. प्रत्येक गेलेल्या माणसाचं एक पान, ए-फोर, एकाच बाजूला, साडेतीनशे शब्दांच्या आत. महिनाभर नोटीस बोर्डावर, नंतर फाईलमध्ये. अकरा वर्षं झाली, आता बाकीच्या सोसायट्यांमधले लोक विचारायला येतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

यादी करणं सोपं आहे, ऑफिसच्या रजिस्टरमधून होते. फक्त भाडेकरू, वॉचमन आणि वर्षानुवर्षं धुणंभांडी करणाऱ्या मावशीही त्यात घ्या. कमिटी म्हणेल ते मेंबर नाहीत. म्हणू दे.

कधी जायचं

तेराव्या-चौदाव्याच्या आत अजिबात जाऊ नका. तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि जो तो एकच वाक्य बोलतो. साधारण दीड-दोन महिन्यांनी जा. तोपर्यंत बँक, पेन्शन, नॉमिनेशन, दाखल्याच्या झेरॉक्स या सगळ्यात घरचे भरडून निघालेले असतात, दारात जो येतो तो कागदच मागतो. तुम्ही कागद न मागता गेलात की निम्मं काम तिथेच होतं. म्हणूनच शेअर सर्टिफिकेट ट्रान्सफरचं काम ज्याच्याकडे आहे त्याने हे काम करू नये, हे मी कमिटीला तीनदा सांगितलंय.

घरी जाऊन बोलणं

खरं काम हेच, आणि इथेच सगळे माती खातात, मीही खाल्ली.

माझं पहिलं पान दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं होतं. मी त्यांच्या मुलाला फोनवर दहा मिनिटं विचारलं आणि लिहून मोकळी झाले: मनमिळाऊ, हसतमुख, सदैव मदतीला तत्पर, त्यांच्या जाण्याने भरून न येणारी पोकळी. काका कसे होते हे सगळ्या सोसायटीला माहीत. पाण्याच्या व्हॉल्व्हवरून समोरच्यांशी चौदा वर्षं अबोला, रोज रात्री दहाला टॉर्च घेऊन खाली उतरायचे आणि चारही जिन्यांचे दिवे बंद करत फिरायचे, कुणी उशिरा आलं तर अंधारात धडपडायचं. काकूंनी पान वाचलं, नीट चौघडी घातली आणि मला म्हणाल्या, "छान लिहिलंयस गं. पण हे कोण?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनीच चहा टाकला आणि सांगायला लागल्या की दिवे बंद करून वर आले की ते रोज सांगायचे आज कुणाकुणाकडे जाग आहे. अमक्यांच्या खिडकीत अजून उजेड आहे म्हणजे पोराची परीक्षा जवळ आली, तमक्यांकडे लहान मूल रडतंय, ताप असेल. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून विचारायचे, "ताप उतरला का?" आणि आम्ही सगळे म्हणायचो याला कशाला नसत्या चौकश्या. हे मला कुठल्याही फोनवर कळलं नसतं. ते पान मी फाडलं आणि परत लिहिलं.

तर पहिली गोष्ट, "कसे होते ते?" असं विचारूच नका. त्या प्रश्नाला उत्तर एकच येतं, "फार चांगले होते हो", आणि ते तुमच्या काही कामाचं नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तरात एखादी वस्तू, वेळ किंवा जागा येईल तो प्रश्न विचारा. सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचे? बाहेर पडताना खिशात काय असायचं? कशावरून चिडायच्या? भाजी कुठून आणायचे? हा शेवटचा प्रश्न फालतू वाटतो पण पुण्यात तो फार चालतो, कारण दारावर भाजीवाला येत असताना निव्वळ वांग्यांसाठी बस पकडून मंडईत जाणारी पिढीच वेगळी होती, आणि त्या वांग्यांवरून माणूस सुरू होतो तो थेट त्यांच्या नारायण पेठेतल्या वाड्यापर्यंत जातो.

एका काकांबद्दल मी असंच खिशाचं विचारलं तर त्यांच्या बायकोने आतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला. रबर लावून ठेवलेले डेक्कन क्वीनचे पास, सव्वीस वर्षांचे. सव्वासातची गाडी, रात्री घरी, रविवारी झोप. त्या म्हणाल्या, "माझ्यापेक्षा डब्यातल्या लोकांनी त्यांना जास्त बघितलंय. तेराव्याला अकरा जण आले होते, एकालाही मी ओळखत नव्हते." पानाचं शेवटचं वाक्य तेच ठेवलं, त्यांना विचारून.

दुसरी गोष्ट, घरात जो सगळ्यात जास्त बोलतो त्याच्याकडे सगळ्यात कमी माहिती असते. बहुतेक वेळा हा अमेरिकेतला मुलगा असतो, व्हिडिओ कॉलवर. तो तुम्हाला बायोडेटा सांगणार, डिग्री, प्रमोशन, कुठल्या साली मॅनेजर झाले. त्याला बोलू द्या, वीस मिनिटं लागतात, त्याचंही दुःख आहे, लांब राहून अजूनच असतं. पण खरी माहिती त्यानंतर. पाणी मागायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जा आणि तिथेच ओट्याला टेकून उभ्या राहा. सासूबद्दल सगळ्यात खरं सून सांगते, फक्त सासरेबुवा ऐकू येण्याच्या अंतरावर नकोत. आणि जमलं तर कामवाल्या मावशी आणि इस्त्रीवाल्यालाही विचारा. आमच्या इस्त्रीवाल्याने मला सांगितलं होतं की वरचे साहेब रिटायर झाल्यावरही पाच वर्षं आठवड्याला सहा शर्ट टाकायचे. घरी कुणाला हे वेगळं वाटलंच नव्हतं.

तिसरी, गप्प बसता आलं पाहिजे. मला हे फार जड गेलं, मी मूळची बडबडी. समोरचा माणूस थांबला की आपल्याला वाटतं आता काहीतरी बोलायला हवं, आणि आपण बोलतो, आणि तो जे सांगणार होता ते राहून जातं. रडू आलं तर येऊ दे, "सावरा, सावरा" करू नका, स्वतःच्या आजोबांच्या मृत्यूची गोष्ट तर अजिबात सांगू नका. मोबाईल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग करायचा सल्ला मला एका शहाण्याने दिला होता, करून बघितला, त्या आजी पूर्ण वेळ फोनशी बोलल्यासारख्या प्रमाण भाषेत बोलल्या. मी आता वही पिशवीत ठेवते आणि बाहेर आल्यावर जिन्यात बसून आठवेल ते लिहून काढते. येणारे-जाणारे बघतात, बघू दे.

आणि एकदा जाऊन भागत नाही. आठवड्याने परत जा, काही न विचारता, डबा परत करायला किंवा असंच. पहिल्या वेळी जे सांगायचं राहिलं ते माणसाला त्याच रात्री आठवलेलं असतं आणि आठवडाभर तो तुमची वाट बघत असतो. छापील फॉर्म घरोघर वाटणारे लोक आहेत, "आवड", "छंद", "स्वभाव" असे रकाने असतात, एका सोसायटीने मला कौतुकाने दाखवला. सतरा फॉर्ममध्ये छंद एकच, वाचन.

जे ऐकाल ते सगळं लिहायचं नसतं. आजार, वाटणीची भांडणं, कुणाचं पहिलं लग्न, हे माझ्या पोटात राहतं. पण वगळणं वेगळं आणि खोटं लिहिणं वेगळं. रोज पिणाऱ्या माणसाला "निर्व्यसनी" लिहिलंत तर ज्या बाईने ते तीस वर्षं काढलं तिच्या आयुष्यावर तुम्ही व्हाइटनर मारताय. व्यसनाचा विषयच काढू नका, त्याच्या हातचं सुतारकाम चांगलं असेल तर त्यावर लिहा.

बायकांचं पान

हे वेगळं सांगावं लागतं याचाच राग येतो. घरचे सांगतात "उत्तम सुगरण, पुरणपोळी फार छान", आणि तुमचं पान संपतं. माहेरचं नाव विचारा, कुठल्या गावच्या, शिक्षण किती, लग्नाआधी काय करत होत्या. एका आजींच्या घरी कुणालाच काही सांगता येईना, शेवटी भाचीला फोन लावला तर कळलं की त्या लग्नाआधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. नातवाला ट्रंक कॉल म्हणजे काय तेच समजावून सांगायला लागलं.

तारखा

घरच्यांनी सांगितलेली प्रत्येक तारीख तपासा, ते खोटं बोलत नाहीत पण आठवण सरकते. पुण्यातल्या जुन्या माणसांची सगळी आठवण पानशेतला बांधलेली असते, पुराच्या आधी की नंतर. पूर आला १२ जुलै १९६१ला, बुधवारी. मग हिशोब करा. "पुराच्या वर्षी बाबा दहावी झाले" असं सांगितलं तर शंका घ्या, तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची. जन्मतारीख १ जून सांगितली तर हमखास परत विचारा, पूर्वी शाळेत घालताना तारीख माहीत नसली की मास्तर सरळ १ जून टाकायचे, खरी तिथी बहिणीला नाहीतर आत्याला माहीत असते. आणि संस्थांची नावं त्या काळची लिहा. १९९५ला रिटायर झालेला कंडक्टर पीएमटीचा, पीएमपीएमएल २००७ची. १९७०ची पदवी पुणे विद्यापीठाची, सावित्रीबाईंचं नाव २०१४ला लागलं.

नावाआधी काय लावायचं यावर दरवर्षी वाद होतो. माझं मत, काहीच लावू नका. "कै." सगळ्यांना चालत नाही, आमच्याकडे ख्रिश्चन आहेत, बोहरी आहेत, बौद्ध कुटुंबं "कालकथित" म्हणतात. आणि "गं. भा." तर माझ्या हयातीत आमच्या बोर्डावर लागणार नाही.

लिहिणं आणि फोटो

वर सांगितलेलं नीट केलं असेल तर लिहायला एक संध्याकाळ पुरते. "पश्चात" परिवाराची यादी अगदी शेवटी, एका ओळीत. फोटो आधार कार्डाचा नको, आणि हार घातलेल्या फ्रेमचा मोबाईलवर काढलेला तर नकोच, काचेत ट्यूबलाईट दिसते आणि फोटो काढणाऱ्याचं पोटही.

वाचून दाखवणं

छापायच्या आधी जवळच्या एकाच माणसाला, समोर बसून, मोठ्याने वाचून दाखवा. पीडीएफ पाठवू नका. मी एकदा पाठवली, ती त्यांच्या फॅमिली ग्रुपवर गेली, आणि तीस नातेवाईकांनी तीस दुरुस्त्या सांगितल्या, त्यातल्या बावीस स्वतःचं नाव घालायच्या होत्या. वाचताना माणूस कुठे थांबतो, कुठे मान हलवतो, कुठे "हे राहू दे गं" म्हणतो ते बघा. राहू दे म्हटलं की काढायचं, तुम्हाला ते वाक्य कितीही आवडलेलं असलं तरी. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नवीन पानातलं काहीच काढायला सांगितलं नाही, फक्त टॉर्चचे सेल कोण भरायचं ते घालायला लावलं. त्या स्वतः भरायच्या.

फाईल ऑफिसमध्ये लिफ्टच्या मेंटेनन्सच्या फाईलशेजारी असते, कुलूप नाही. प्रत्येक पानासमोर एक कोरा कागद लावून ठेवा म्हणजे लोक भर घालतात. काकांच्या पानासमोर कुणीतरी लिहून ठेवलंय, "माझ्या बारावीच्या वर्षी क्लासवरून यायला उशीर व्हायचा तेव्हा आमच्या जिन्यातला दिवा ते मी आल्यावर बंद करायचे." सही नाही. लिहायला पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवा, पेनं चार गेली. खोडरबर मात्र ठेवू नका, एका वर्षी ठेवला होता तर दोन भावांनी एकमेकांचं लिहिलेलं आळीपाळीने खोडून कागदाला भोक पाडलं.