मोठ्या दालनांच्या काळात सायकलचे छोटे दुकान कसे टिकवावे

नाशिकमध्ये सायकल ही पूर्वी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगाराची आणि शाळकरी मुलांची वस्तू होती. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत पूर्ण केली, आणि आज गंगापूर रोडवर किंवा त्र्यंबकच्या रस्त्यावर पहाटे निघालेले हेल्मेटधारी सायकलस्वार कोणालाच नवे वाटत नाहीत. गिऱ्हाईक वाढले, हे खरे. परंतु त्यातले बरेचसे गिऱ्हाईक महामार्गालगतच्या प्रशस्त दालनांत आणि ऑनलाइन विक्रीकडे गेले. गल्लीतल्या दुकानाचे मालक आणि तेथे हाताखाली काम करणारी मुले यांच्यासाठी, काउंटरमागे घालवलेल्या वर्षांच्या आधारे, हे लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे किमतीच्या स्पर्धेत उतरू नये. साखळी दुकाने स्वतःच्या नावाचा माल थेट कारखान्यातून हजारोंच्या संख्येने बनवून घेतात, तर आपल्याकडे लुधियानाचा माल वितरकामार्फत येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि सुट्या भागांवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा अनेकांना दिलासा वाटला. पण ही सवलत दोघांनाही सारखीच मिळाल्यामुळे दरातले अंतर जिथल्या तिथे राहिले. म्हणून सायकल विकून मिळणाऱ्या नफ्यावर दुकान उभे न करता फिटिंग, दुरुस्ती आणि सुटे भाग यांवर ते उभे करावे.

फिटिंग हा यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते आणि घरातले कोणीतरी पाना घेऊन ती पूर्ण करते. अशा सायकलींत मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक म्हणजे पुढचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुपायी भाग, उलटा बसवलेला असणे. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकती दाबून धरणारा भाग, चालवणाऱ्याच्या डाव्या बाजूला हवा; तो उजवीकडे दिसला की चिमटा फिरला आहे असे समजावे. अशी सायकल वळणावर हाती राहत नाही आणि चालवणाऱ्याचा पाय पुढच्या चाकाला लागतो. दुसरी चूक पॅडलची. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे माहीत नसल्यामुळे ते जोर लावून बसवले जाते आणि क्रँकचे, म्हणजे पॅडल जिच्यात बसते त्या दांड्याचे, आटे जातात. दुकानात आलेल्या प्रत्येक बाहेरच्या सायकलीचे हे दोन भाग, दोन्ही ब्रेक आणि हँडलचे बोल्ट गिऱ्हाइकासमोर तपासावेत.

त्या वेळी ‘इथून घेतली असती तर’ असे एकदाही म्हणू नये. दुसरीकडून सायकल घेतलेल्या माणसाला आधीच थोडा संकोच वाटत असतो. त्याला टोमणा मारला तर तो पंक्चरसाठीसुद्धा परत येत नाही. त्याउलट, मजुरी मागायला मात्र आपण संकोचू नये. फिटिंग, चाकाचा आउट (वाकडेपणा) काढणे, गिअर लावणे, पूर्ण ओव्हरहॉलिंग यांचे दर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावेत. फुकट केलेल्या कामाची किंमत गिऱ्हाइकाच्या मनात राहत नाही, हे मला फार उशिरा कळले.

सुट्या भागांत अचूकपणा हवा. ‘26 चा टायर द्या’ असे म्हणणारा माणूस दोन वेगळ्या मापांपैकी कोणतेही मागत असू शकतो. माउंटन सायकलचा 26 इंची टायर 559 मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो आणि 26 × 1⅜ हा 590 च्या रिमवर. दोन्ही एकमेकांवर चढत नाहीत. कामगारांच्या जुन्या काळ्या सायकलीचा 28 × 1½ हा टायर 635 चा असतो, तर 29 इंची आणि 700 सी हे दोन्ही 622 चे. जुन्या टायरच्या कडेवर छापलेला आकडा वाचल्याशिवाय नवा टायर काढू नये.

चेनही मोजावी. पिनेच्या मध्यापासून 24 कड्या नव्या चेनमध्ये बरोबर 12 इंच भरतात. हे माप सोळांश इंचाने वाढले असताना चेन बदलली, तर फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचे दातेरी चक्र, वाचते. अष्टमांश इंचापर्यंत थांबले, तर बहुधा दोन्ही बदलावे लागतात. पट्टी लावून हे दाखवले की गिऱ्हाइकाला आपण फसवले जात आहोत असे वाटत नाही.

मुलांच्या सायकलीबाबत पालक ‘पुढे वाढेल तो’ म्हणून मोठी सायकल मागतात. तेथे नफा सोडून नकार द्यावा. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली असता पाय जवळपास सरळ व्हावा, आणि सीटवरून पुढे उतरून फ्रेमच्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहिल्यास दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत, इतकी साधी परीक्षा दुकानातच घेता येते.

हाताखालच्या मुलांनी हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा काढणे आणि गिअर लावणे शिकून घ्यावे, आणि मालकाने ते शिकण्यासाठी वेळ द्यावा. उद्या दालनात नोकरी धरावी लागली, तर विक्रीपेक्षा वर्कशॉपमधली जागा मागावी, कारण तेथे हात चालू राहतो. रुजू होण्यापूर्वी पगाराची पावती आणि भविष्य निर्वाह निधी यांची चौकशी करावी. 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला हा निधी लागू होतो.

शेवटी वही. प्रत्येक सायकलीची तारीख, केलेले काम, मालकाचा फोन आणि फ्रेमचा क्रमांक लिहून ठेवावा. फ्रेमचा क्रमांक बहुधा दोन्ही क्रँक जिथे जोडलेले असतात, तिथल्या बेअरिंगखाली फ्रेमवर ठोकलेला असतो. सायकल चोरीला गेली, तर तक्रार देताना हाच क्रमांक लागतो आणि बिल हरवलेल्या माणसाला तो आपल्याच वहीत सापडतो. पावसाळा संपताच त्याच वहीतून एकेकाला फोन करून चेन आणि छऱ्यांचे ग्रीस तपासून घेण्यास सांगावे, म्हणजे दिवाळीच्या गर्दीआधीच दुरुस्तीची कामे हाती येतात.