बियांपासून बिस्मार्क पाम: सोलापूरच्या हवेसाठी

दुर्मीळ पामचं बी मागवताना बहुतेकांची नजर आधी ‘उणे किती अंश सोसतो’ या आकड्यावर जाते. सोलापुरात त्या आकड्यावर भुलू नका. ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी हा पाम उणे 15 अंशांपर्यंत तग धरतो, पण आपल्या मे महिन्यात पार करपतो. लाल देठाच्या लिपस्टिक पामला आपली कोरडी हवाही सोसत नाही आणि जानेवारीच्या गार रात्रीही. मादागास्करच्या बिस्मार्कियाला, म्हणजेच बिस्मार्क पामला, मात्र असंच कोरडं, रखरखीत ऊन मानवतं. त्याची रुपेरी जात मोठी झाल्यावर उणे 5 च्या आसपासही टिकते, हिरवी जात थंडीला हळवी. रोपाला मोठ्या झाडाचा आकडा लावू नका, ते त्याहून बरंच नाजूक असतं.

बी ताजंच हवं. दहा-बारा बिया घेतल्या तर एक फोडून पाहा: आतला गर पांढरा आणि कडक असेल तर बाकीच्या लावण्याजोग्या. बीवर बाहेरून चिकटलेला फळाचा वाळलेला गर खरवडून काढा, तो राहिला की बुरशी धरते. मग बिया 3 दिवस पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलं करून मुठीत घट्ट पिळा. पाण्याचा थेंब गळता कामा नये. बियांना सर्वांत जास्त दगा इथेच होतो, कारण जास्त ओलाव्यात त्या कुजतात. बिया आणि कोकोपीट झिप पिशवीत भरून 30 ते 35 अंशांत ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरातला उबदार कोपरा पुरतो. पत्र्याखाली किंवा गच्चीवर पिशवी ठेवलीत तर बी शिजेल. आठवड्याला एकदा पिशवी उघडून हवा द्या. कोंब दीड-दोन महिन्यांत येतो, कधी सहा महिनेही लागतात, तोवर बी फेकू नका.

बीमधून आधी जाड, पांढरा, मुळासारखा दांडा निघतो आणि सरळ खाली जातो. पान त्या दांड्याच्या खालच्या टोकापासून, बियांपासून लांब फुटतं. म्हणून दांडा 2-3 सेंटीमीटरचा होताच बी कुंडीत हलवा. कुंडी निदान 40 सेंटीमीटर खोल हवी. 4 इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, बुडाला जाळी लावून, छान चालतो. उथळ कुंडीत दांडा वाकतो आणि रोप खुंटतं. बी रोपापासून तोडू नका, त्यातलाच गर रोपाला महिनोन्‌महिने पोसतो.

मिश्रण: 2 भाग जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम, 1 भाग कोकोपीट, 1 भाग कुजलेलं शेणखत. निव्वळ काळी माती नको, पावसात पाणी धरून ती मुळं गुदमरवते. पहिला उन्हाळा 50 टक्के शेडनेटखाली काढा. थंडीत पाणी सकाळीच आणि कमी द्या. गार रात्री शेंड्यात पाणी साचलं की मधली कोवळी सुई (न उघडलेलं नवं पान) सडते, ती ओढल्यावर हातात आली तर रोप धोक्यात आहे.

जमिनीत लावताना मुळांची गड्डी फुटू देऊ नका. बिस्मार्कियाला मुळं दुखावलेली अजिबात चालत नाहीत. पाइप उभा चिरून रोप अलगद काढा आणि काळ्या मातीत मुरमाचा उंचवटा करून त्यावर लावा.